झाकण नसलेली कोठी

डायनिंग टेबलावर आलेखाचा कागद पसरून मी बसलो होतो. कागदावर एका पेटीचं चित्र होतं. समोर एक मोठं गोल भोक, त्याच्या खाली एक लहान गोल भोक, कडेनं मापं. बायको समोर मेथी निवडायला बसली. अर्धी जुडी होईपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "किती लिटरची?"

"साठ."

दोन काड्या खुडेपर्यंत तिचा हिशेब झाला. "म्हणजे पंचेचाळीस किलो गहू."

हिशेब चोख होता. लिटरला पाऊण किलो गहू बसतात. ज्या घरात अजून उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरतात, त्या घरातल्या बाईला हे गणित कागदावर मांडावं लागत नाही. अडचण एवढीच होती, की मला त्या पेटीत गहू भरायचे नव्हते. काहीच भरायचं नव्हतं. "मग आत काय ठेवणार?" या प्रश्नाला "हवा" असं उत्तर देताना माझा आवाज आपोआप खाली गेला. आणि खालच्या आवाजाचीच तर सगळी भानगड होती.

भानगड सुरू झाली गणपतीत. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर उभा होतो आणि समोरून ढोल-ताशा पथक गेलं. ताशा कानाला ऐकू येतो. ढोल आधी अंगावर येतो आणि मग कानाला कळतो. बरगड्यांत, पोटात, शर्टाच्या बटणांतसुद्धा. रात्री घरी आलो आणि कोणीतरी चांगल्या माइकवर टिपलेलं तसलंच वादन माझ्या स्पीकरवर लावलं. ताशा झकास. ढोल मात्र मोरीत कोणी पालथी बादली बडवावी तसा. माझे दोन स्पीकर देखणे आहेत, पाच इंची पडद्याचे, गाण्याला गोड. पण साठ हर्ट्झच्या खाली उतरायचं म्हटलं की जिन्याच्या शेवटच्या पायऱ्यांवर गुडघे धरून थांबतात. माझं वय पाहता मला त्यांचा राग आला नाही.

माणसाचा कान २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो असं पुस्तकात असतं. वरचं टोक वयाबरोबर झिजतं, त्याचं मला दुःख नाही. तिथे फारसं कोणी राहत नाही. खालचं टोक मात्र शाबूत होतं आणि त्याला माझ्या घरात काही काम नव्हतं. कारणही साधं आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धावतो, म्हणजे ४० हर्ट्झची एक लाट साडेआठ मीटर लांब. आमचा हॉल १६ फूट, पाच मीटरलाही कमी. उंच पाहुणा आला की त्याचे पाय गादीबाहेर येतात, तसा हा स्वर. त्याला अंग पसरायचं तर निम्मा बाहेर गॅलरीत.

तर सबवूफर घ्यायचा ठरला. तयार मिळतात, बटण दाबलं की घरपोच येतात. पण तयार पेटीच्या किमतीत निम्मे पैसे पेटीचे असतात, आणि पेटी म्हणजे शेवटी प्लायवूडचा चौकोन, तो काय आपल्याला करून घेता येणार नाही? हा विचार ज्याच्या मनात एकदा येतो, तो पुढे किती खर्चात पडतो हे मी इथे सांगणार नाही. घरी हा लेख वाचला जातो.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत तपकीर आणायला कोणी जात नाही. तिथे दिवे, वायरी, पंखे, स्विच आणि स्पीकर मिळतात. एका दुकानात मी नुसता बारा इंची वूफर मागितला.

"गाडीत लावायचा का?" काउंटरवरच्या पोरानं विचारलं.

"नाही, घरात."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. "मंडळाचा आहे का काका?"

"ऐकायचाय."

तो आत गेला आणि एक काळा, तोफेच्या चाकासारखा वूफर आणून त्यानं काचेवर ठेवला. "उचलून बघा." मी उचलला. खांद्यापर्यंत कळ गेली. "मॅग्नेट बघा मॅग्नेट." या गल्लीत वूफर वजनावर पारखतात, मंडईत कलिंगड पारखतात तसा, टिचकी मारायचीही पद्धत आहे. वॅट किती विचारले तर म्हणाला, हजार. आरएमएस किती विचारले, तर म्हणाला, "ते तुम्ही कसा लावाल तसं." मला नव्वद सालानंतरचे ते टेपरेकॉर्डर आठवले. शाळेच्या डब्याएवढा जीव आणि अंगावर चकचकीत स्टिकर, पीएमपीओ अमुक हजार वॅट. ते खरे असते तर वाडाभर दिवे मंद झाले असते.

खरं तर मॅग्नेटचं वजन आणि वॅटचा आकडा, दोन्हींवरून वूफर किती खाली उतरेल हे कळत नाही. ते एका कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद खोक्याच्या तळाशी चौघडी होऊन पडला होता आणि पोरगा तो कचऱ्यात टाकायच्या बेतात होता. "हा पण पाहिजे? सगळे टाकून देतात." मी घडी उलगडली. वूफरची पत्रिका होती ती.

पत्रिकेत तीन गोष्टी पाहायच्या. पहिली एफएस, म्हणजे पडद्याला मोकळा सोडला तर तो स्वतःच्या मर्जीनं कुठल्या स्वरात डोलतो. दुसरी क्यूटीएस, म्हणजे एकदा डोलायला लागल्यावर आवरतं कधी घेतो. तिसरी व्हीएएस, म्हणजे त्याच्या अंगातला ताठपणा किती लिटर हवेच्या ताठपणाइतका आहे. ही पद्धत बसवली ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ साली, आणि पुढे सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी ती पूर्णत्वाला नेली. थील यांचा निबंध बाहेरच्या जगाच्या वाचनात यायला १९७१ साल उजाडलं, अमेरिकेत तो पुन्हा छापला गेला तेव्हा. त्याआधी लोक पेटी बनवायचे, ऐकायचे, नाक मुरडायचे आणि दुसरी बनवायचे. म्हणजे आधी लग्न, मग स्वभाव. आता आधी पत्रिका. माझ्या वूफरच्या पत्रिकेत एफएस २५, क्यूटीएस ०.४५, व्हीएएस ६० लिटर. छत्तीस गुण पाहण्याची सवय असलेल्या समाजाला तीन फारच सोपे.

पण पेटी मुळात लागतेच कशाला? हे मी कोणाला विचारलं नाही, करून पाहिलं. माळ्यावर जुन्या रेडिओग्रामचा एक आठ इंची स्पीकर होता. तो नुसता हातात धरून गाणं लावलं. सनई छान, झांज छान, डग्गा गायब. पडद्यावर बोट टेकवलं तर तो डग्ग्याच्या प्रत्येक घुमाऱ्याला इमानानं हलत होता, आवाज मात्र नाही. मग आंब्याची रिकामी पेटी घेतली, एका बाजूला गोल भोक पाडलं, भोकावर स्पीकर ठेवला. आणि डग्गा आला. खोलीत कोणीतरी येऊन बसावं तसा आला.

गंमत अशी, की पडदा पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबतो आणि त्याच क्षणी मागची हवा ओढतो. बारीक आवाजाच्या लाटा आखूड, त्या समोर निघून जातात. जाड आवाजाच्या लाटा लांबलचक; त्या काठाला वळसा घालतात आणि पुढे दाबलेली हवा मागच्या पोकळीत जाऊन निवांत बसते. एका हातानं वाढायचं आणि दुसऱ्या हातानं ताट ओढायचं, असा प्रकार. अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी आजच्या पद्धतीचा स्पीकर १९२५ साली मांडला तेव्हापासून हे दुखणं ठाऊक आहे. पेटीचं पहिलं काम आवाज वाढवणं नाहीच. पुढच्याची आणि मागच्याची गाठ पडू न देणं, एवढंच.

ते कसं करायचं, यावर दोन पंथ आहेत, शैव आणि वैष्णवांइतके जुने नसले तरी तेवढेच कडवे.

एक पंथ बंद पेटीवाल्यांचा. मागचा आवाज कोंडून टाकायचा, हवेला बाहेर पडायला सुईएवढीही वाट ठेवायची नाही. कोंडलेली हवा मग स्प्रिंगसारखी वागते आणि पडद्याला दर खेपेला सावरून जागेवर आणते. ही हुशारी एडगर व्हिलचर यांची. त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी हेन्री क्लॉस यांनी मिळून १९५४ साली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला कंपनी काढली, आणि कपाटाएवढ्या पेट्यांच्या जमान्यात शेल्फावर मावेल असा खर्ज लोकांना ऐकवला. दुसरा पंथ भोकवाल्यांचा. मागचा आवाज फुकट का घालवा, म्हणून ते पेटीला एक नळी ठेवतात. सोड्याच्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की बाटली एकाच स्वरात हुंकारते, तसा त्या नळीतल्या हवेचा एक स्वर ठरवता येतो, आणि पडदा थकतो तिथे नळी हात देते. याचं पेटंट बेल लॅबच्या अल्बर्ट थुरास यांच्या नावावर आहे, १९३२ सालचं.

मी जन्मानं भोकवाला. काटकसर रक्तात असल्यामुळे मागचा आवाजही वसूल करावा असं मला वाटलं, म्हणून तर आलेखाच्या कागदावर ते दुसरं लहान भोक होतं. गणित केलं: ६० लिटरची पेटी, चार इंच व्यासाची नळी, ३० हर्ट्झला जुळवायची तर नळी १४ इंच लांब हवी. तेवढा पाइप आणायला मी नळसामानाच्या दुकानात गेलो.

"चार इंची किती देऊ?"

"चौदा इंच."

मालकानं चष्मा वर केला. त्याच्याकडे पाइप वीस फुटी आणि दहा फुटी होते. "साहेब, चौदा इंचात संडासाची लाइन कशी व्हायची?" मी म्हणालो, संडासाची नाही, गाण्याची आहे. त्यानं आतून एक तुकडा आणून दिला आणि पैसे घेतले नाहीत. माणसाची दया आल्यावर दुकानदार ज्या घाईनं व्यवहार संपवतो, त्या घाईनं.

हा पाइप पुढे पेटीला लागला नाही. दाराशी छत्र्या ठेवायला आहे. कारण मधल्या काळात मी धर्मांतर केलं.

त्याला एक लोखंडी नियम कारण झाला. के.एल.एच. नावाच्या अमेरिकन कंपनीतले एच., म्हणजे जोसेफ अँटन हॉफमन, यांच्या नावानं तो ओळखला जातो. (वडीलही जोसेफ हॉफमन, गाजलेले पियानोवादक. मुलानं पियानो सोडून पेट्या केल्या. वडिलांना काय वाटलं असेल!) नियम असा: खर्ज खोल हवा, पेटी लहान हवी, आणि थोड्या विजेत आवाज मोठा हवा, या तीनपैकी दोनच मिळतील. कुठलेही दोन घ्या, तिसऱ्याचं नाव काढू नका. आपल्याकडे हे कुठल्याही शेतकऱ्यानं हॉफमनला गुरांच्या बाजारातच सांगितलं असतं. आखूडशिंगी, बहुदुधी आणि शिवाय कमी खाणारी गाय आजवर कोणाला मिळाली आहे? हल्ली तिसऱ्या अटीवर पाणी सोडतात. पेटी लहान ठेवतात, खर्ज खोल ठेवतात आणि चारपाचशे वॅटचा ॲम्प्लिफायर मागे लावून गाईला चारा घालत बसतात. एक सप्तक खाली उतरून तेवढाच आवाज काढायचा तर पडद्याला चौपट मागेपुढे जावं लागतं, आणि चौपट धावणाऱ्याला चारा लागतोच.

मीही चारा घालायचं ठरवलं. बंद पेटीत माझ्या पत्रिकेला ४० लिटर जुळत होते. क्यू बरोबर ०.७१ येत होता, म्हणजे पडदा फार लोंबकळणारही नाही आणि फार आखडणारही नाही. बाहेरून १५ इंचांचा चौरस ठोकळा. शिवाय भोकाच्या पेटीत नळीच्या स्वराखाली गेलं की पडद्यामागचा हवेचा आधार सुटतो आणि तो मोकाट मागेपुढे उडायला लागतो. बंद पेटी हळूहळू उतरते, आणि लहान बंद खोली तिला तळाशी थोडा हात देते. आमची खोली लहान आहे, हे पहिल्यांदाच कुठेतरी उपयोगी पडत होतं. आणि खरं सांगायचं तर मेथीच्या पलीकडून आलेला प्रश्न. ४० लिटर म्हणजे ३० किलो गहू. घरात मागायला हा आकडा बरा वाटला.

मिस्त्री आले. सुतारकामात त्यांचा हात देखणा, आणि सगळी मापं सुतात. १८ मिलिमीटर म्हटलं की "सहा सूत" म्हणून पुटपुटणार. मी सांगितलं, सहा सूत प्लाय, पुढचं पान दुहेरी, आत आडवे-उभे आधार, सांध्यांना भरपूर फेविकॉल, हवा जाता कामा नये. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग कानामागची पेन्सिल काढून विचारलं, "बिजागरी कुठल्या बाजूला लावू?"

"बिजागरी नाही. झाकणच नाही."

"मग आत टाकणार कुठून?"

"काही टाकायचं नाहीये."

मिस्त्रींनी पेन्सिल परत कानामागे खोचली. "आणि एवढं भोक?" मी सांगितलं, तिथे स्पीकर येईल. त्यांचा चेहरा उजळला. "मग तसं सांगा ना! भजनाला का?" मिस्त्री गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात, हे मला त्या दिवशी कळलं. पुढचा अर्धा तास काम झालं नाही. मी त्यांना एफएस समजावून सांगत होतो, पडदा जड असला की स्वर खाली जातो वगैरे. ते ऐकत होते आणि गालात हसत होते. "म्हणजे कणीक," ते म्हणाले.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी कणकेचा गोळा थापतात. कणीक जास्त लावली की आवाज खाली जातो, कमी केली की वर येतो. सुकली की खरवडून काढायची, दर बैठकीला नवी. थील साहेबांची पहिली ओळ मिस्त्रींच्या गावात प्रत्येक एकादशीला मळली जात होती, तीही गव्हाच्या पिठानं. मी हे लगेच स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. मला वाटलं होतं, गहू आणि खर्ज यांचा असा जुना सोयरसंबंध निघाल्यावर घरात माझी बाजू जरा वर येईल. "किती कणीक लागते?" एवढंच आतून आलं.

तिथून गप्पा मिरजेवर गेल्या. मिरजेचे सतारमेकर तानपुऱ्याला जे भोपळे लावतात, ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळा मोठा निवडतात, वाळवतात, आतला गर-बिया सगळं काढून टाकतात आणि मग त्या रिकामपणाला तारा जोडतात. काळी एकचा तानपुरा असेल तर त्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास बोलते. हा आकडा मी मिस्त्रींना सांगितला आणि सांगताना मला एक गोष्ट लख्ख दिसली. मी जे ऐकतो त्यातलं बहुतेक सगळं ६९ च्या वरच राहतं. ज्या दोन-तीन सप्तकांवर आयुष्य काढलं, त्यांच्या खालच्या तळघरासाठी मी चांगला सागाच्या रंगाचा दरवाजा करून घेत होतो.

हे मी मिस्त्रींना बोलून दाखवलं नाही.

पेटी झाली. आत उशीतला पॉलिएस्टरचा कापूस भरायचा असतो. तो भरला की हवेला पेटी आहे त्याहून जरा मोठी वाटते. पाहुण्यांच्या खोलीतली एक उशी त्या आठवड्यात दिसेनाशी झाली आणि अजून सापडलेली नाही, असं समजा. सांध्यांतून हवा जाते का पाहायला मी जाड स्वर लावून कडेकडेनं उदबत्ती फिरवली. धूर एका कोपऱ्यात थरथरला, तिथे पुन्हा फेविकॉल. उदबत्तीच्या वासानं बायको बाहेर आली. मी गुडघ्यावर बसून ठोकळ्याभोवती उदबत्ती ओवाळत होतो. ती काही न बोलता आत गेली.

आता ठेवायचा कुठे? यावर एक पद्धत आहे आणि ती एकट्यानं, दार लावून करावी. वूफर सोफ्यावर, म्हणजे आपण बसतो त्या जागी ठेवायचा, आणि आपण जमिनीवर रांगत खोलीभर फिरायचं. जिथे आवाज भरीव आणि सारखा वाटेल, तिथे वूफरची जागा. कारण लहान खोलीत जाड स्वर भिंतींवर आपटून उभे राहतात. आमच्या १६ फुटांत ३५ हर्ट्झचा स्वर दोन्ही भिंतींशी दाटीवाटीनं उभा आणि हॉलच्या बरोबर मध्ये अजिबात नाही. मी रांगत होतो. टेबलाखाली काहीच नाही. एक वीत पुढे, अचानक पोटात गुरगुर. चपलांच्या स्टँडशी पूर. देव्हाऱ्याखाली दुष्काळ. इतक्यात लॅच उघडून कामाच्या मावशी आत आल्या.

"काय पडलं भाऊ?"

"काही नाही मावशी. आवाज शोधतोय."

त्यांनी पदर खोचला, सोफ्यावर मानानं बसलेल्या ठोकळ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तो तर हितं वर बसलाय की."

सर्वात उत्तम जागा निघाली ती स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या कोपऱ्याआधी दोन फुटांवर. भरीव, सारखा, न गडगडणारा. पण तिथे पत्र्याची कोठी आहे. तिच्यात दीडशे किलो गहू आहेत. मी विषय काढला. "गहू हलणार नाहीत," असा निकाल लागला आणि त्यावर अपील नव्हतं. तेव्हा सबवूफर कोठीच्या शेजारी बसला. एकीला झाकण आहे, एकीला नाही.

मग हजेरी घेतली. शंभर हर्ट्झपासून वीसपर्यंत हळूहळू खाली उतरणारा एक सलग स्वर असतो, तो लावायचा, की घरातली प्रत्येक वस्तू आपला नंबर आला की "हजर" म्हणते. ब्याण्णवला शोकेसची काच. सत्तरच्या आसपास मांडणीतली ताटं, एकामागून एक, मोठ्यापासून लहान. अठ्ठावन्नला बाथरूमच्या खिडकीची पट्टी. सत्तेचाळीसला ट्यूबलाइटची पट्टी, जी तीस वर्षांत कधी बोलली नव्हती. अडतीसला कोठीचं झाकण, आणि ते असं खणखणलं की आतून विचारणा झाली. मी घडीचे कागद, रबराचे तुकडे आणि दुहेरी टेप घेऊन दोन दिवस एकेकाचं तोंड बंद करत होतो. तिशीच्या खाली सगळा वर्ग शांत. फक्त पडदा अर्धा इंच आतबाहेर करत होता आणि दाराचा पडदा कोणीतरी नुकतंच गेल्यासारखा हलत होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ढोल लावला.

पहिला टोल पडला आणि माझ्या शर्टाचं दुसरं बटण हललं. बादली नव्हती. कातडं होतं, लाकडाची पोकळी होती, टिपरूचा घाव होता आणि घाव संपला की संपत होता, मागे शेपूट नव्हती. मी आवाज वाढवला. बायको लाटणं हातात घेऊन दारात आली, दोन टोल ऐकले, कोठीचं झाकण काढून आत पाहिलं. "गहू दोन बोटं खाली बसले," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार होती की जागा झाल्याचं समाधान होतं, मला कळलं नाही.

तीन आठवडे बरे गेले. मग खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात भेटले. काका वीज मंडळातून निवृत्त झाले आहेत; आयुष्यभर पन्नास हर्ट्झ सांभाळलेला माणूस. "सेक्रेटरी," ते मला म्हणाले, "पंपाची मोटर घुमतेय. रात्री साडेआठला."

"मोटर तर सकाळी लागते काका."

"तेच तर. पण मी मोटर ओळखतो. पन्नासला किंचित कमी." आणि ते बरोबर होते. पंपाची मोटर मिनिटाला २,८८० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ४८, आणि आदल्या रात्री मी ज्या सिनेमात भूकंप पाहत होतो तो त्याच वस्तीतला होता. मी फोनमधलं आवाज मोजायचं ॲप उघडून दाखवलं. निवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आत्ता तर साडेआठच वाजतात, आणि आकडाही बघा किती सभ्य आहे. हे मीटर माझ्या बाजूनं खोटं बोलतं, हे मला माहीत होतं. कानाच्या कलानं मोजायचं म्हणून ते पन्नास हर्ट्झच्या आवाजातले तीस डेसिबल आधीच सोडून देतं. काकांनी मीटरकडे पाहिलंही नाही. "याला काय विचारता? माझ्या पोटाला विचारा."

खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "माणूस बोलावतो."

त्या संध्याकाळपासून भीतीनं नॉब खाली आणला. आता आवाज हळू केला की सगळ्यात आधी खर्जच उठून जातो. कान हळू आवाजात खालच्या स्वरांना बहिरा होतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून ठेवलंय. ढोल परत मोरीत गेला. बादली आली.

दुसऱ्या दिवशी पंपवाला आला. मला वाटलं, पंधरा मिनिटं इकडेतिकडे पाहील, काही नाही म्हणेल, दोनशे रुपये मी खिशातून देईन आणि विषय संपेल. त्यानं झाकण काढलं, शाफ्ट हातानं फिरवला, कान लावला. "बेअरिंग गेलंय," तो म्हणाला. बेअरिंग बदललं. सोसायटीला अठराशे रुपये खर्च आला, व्हाउचरवर सेक्रेटरी म्हणून माझी सही.

रात्री काका मुद्दाम वर आले. "बघा, म्हटलं नव्हतं? काल-परवापासून एकदम शांत." मग त्यांची नजर कोठीशेजारच्या ठोकळ्यावर गेली. "नवीन कोठी केलीत?"

बायको पाणी घेऊन आली होती. "हो," ती म्हणाली, "अजून रिकामीच आहे."

बेअरिंगला सहा महिन्यांची गॅरंटी आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, गॅसचा नंबर लावल्याची तारीख आणि दुधाचे खाडे यांच्या मध्ये, मी ती कधी संपते त्यावर बारीक गोल करून ठेवलाय.